मडमबाईंच्या कोंबड्या आणि जंतांचे औषध

ता. २४ मार्च १८८४. रक्कम रुपये चोवीस. हजर साहेब, त्यांच्या मडमबाई, त्यांचा बटलर आणि मी. ठिकाण ठाणे, साहेबांच्या बंगल्याचा मागचा ओटा.

हे चोवीस रुपये कोंबड्यांच्या दाण्याचे होते. सहा विलायती कोंबड्या आणि एक कोंबडा. रंग करडा, अंगाने भारी, आणि पायांच्या बोटांपर्यंत पिसे. साहेब आठ महिन्यांच्या रजेवर विलायतेस निघाले होते आणि ते परत येईपर्यंत ही पाखरे माझ्या परसात राहायची होती.

साहेब आमचे असिस्टंट कलेक्टर आणि मी त्यांच्या कचेरीत कारकून. त्याच महिन्यात माझ्या बदलीचा हुकूम निघाला होता, मोखाड्यास. मोखाडे म्हणजे आगगाडी सोडून बैलगाडीने घाट चढायचा आणि वर पोचल्यावर तापाशी गाठ. मी एकटा असतो तर वळकटी बांधून निघालो असतो. पण आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने पडले होते. उजवे अंग गेले, वाचा राहिली. त्यांना त्या रस्त्याने नेणे शक्य नव्हते आणि मागे ठेवणेही शक्य नव्हते, कारण सकाळी त्यांना उचलून परसातल्या ओट्यावर बसवणारा आणि संध्याकाळी आत आणणारा घरात मीच होतो. बायको आणि माझी थोरली बहीण आक्का यांनी एकदा दोघींनी मिळून उचलून पाहिले. मी कचेरीतून आलो तेव्हा तिघेही मागच्या उंबऱ्यावर बसलेले होते. त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना.

मी अर्ज केला होता. त्याचे उत्तर साहेबांनी त्या ओट्यावर दिले. ते परत येईपर्यंत बदली तहकूब, असा शेरा त्यांनी मारला होता. मी आभार मानले. मग मडमबाईंनी कोंबड्यांचा विषय काढला. दोन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या नाहीत, हे साहेबांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण त्या एकामागून एक आल्या, आणि दुसरीला नाही म्हणायला पहिलीने जागा ठेवली नव्हती.

फाटकापर्यंत बटलर सोबत आला. तो वसईकडचा किरिस्ताव. साहेब नसताना बंगला राखायला तोच मागे राहणार होता. तो मला कारकूनसाहेब म्हणे, आणि त्यात मान किती व थट्टा किती हे मला कधी ठरवता आले नाही. टोपली माझ्या हमालाच्या डोक्यावर देता देता तो म्हणाला, "कारकूनसाहेब, ह्यांची सेवा कराल तेवढी कमीच. आजपासून ह्या तुमच्या वरिष्ठ."

आमच्या घरी कोंबड्या नव्या नव्हत्या. आमच्यात मांसमच्छी चालते. आक्काने नऊ-दहा गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून तिने स्वतः मांस किंवा अंडे तोंडात घातले नव्हते, पण कोंबड्या राखाव्यात तर तिनेच. कोणती खुडूक बसली, कोणती अंडी चोरून कुंपणात घालते, हे तिला न पाहता कळे. विलायती पाखरे आली तेव्हा तिने त्यांच्या पायांकडे बघून एवढेच विचारले, "ह्यांना पायमोजे कशाला?"

वैशाख-ज्येष्ठात काही अडचण आली नाही. अडचण चातुर्मासाने आणली, आणि ती आमच्याच रीतीमुळे आली. अप्पांच्या शिस्तीत आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत घरात मांस नाही, अंडेही नाही. शेजारची पुष्कळ घरे श्रावण पाळून मोकळी होत, आम्ही चारही महिने पाळत असू. आता, ज्या घरात कोंबडी कापायची नाही आणि अंडेही खायचे नाही तिथे अंड्यांचे काय करायचे? ती विकणे आम्हाला कमीपणाचे. अंडी विकणारे घर म्हणून पुढे आमच्या मुलीच्या सोयरिकीत बोट दाखवले गेले असते. फेकून देणे आक्काला पाप वाटे. मग ती खुडूक कोंबड्यांखाली जात. दर चातुर्मासात आमचे परस असेच भरत असे आणि कार्तिकीनंतर महिना-दोन महिन्यांत रिकामे होत असे. कुणाला त्यात कधी वावगे दिसले नव्हते. त्या वर्षी मात्र त्याच तेवढ्या ओल्या जमिनीवर, पावसाने बाहेर सोडता येत नाहीत म्हणून, पिलांसकट चाळीस पाखरे कोंडली गेली, आणि त्यांत मडमबाईंची सात.

भाद्रपद संपता संपता एक दिवस बायकोने विलायती कोंबडी खुराड्यात घालायला उचलली आणि तशीच हातात धरून माझ्याकडे आली. म्हणाली, "अहो, हिला धरून बघा. नुसती पिसं उचलल्यासारखं वाटतंय." मी धरून पाहिली. दाणा तर पूर्वीपेक्षा जास्त खात होती. तुरा फिका पडला होता, छातीचे हाड सुरीसारखे हाताला लागत होते, आणि मागची पिसे घाणीने चिकटली होती. बाकीच्या पाच पाहिल्या. दोन तशाच.

सहा दिवसांनी पहिली मेली. मी ती टोपलीत झाकून बंगल्यावर नेली, कारण मागाहून कुणी असे म्हणू नये की कारकुनाने खाल्ली. बटलरने ती मोरीपाशी फाडली. आतड्यांत पांढऱ्या, शिजलेल्या शेवयांसारख्या जंतांची गच्च गुंतवळ होती. त्याने सुरी धुतली आणि सांगितले की तंबाखूचे पाणी पाजा, जुन्या साहेबांकडे तेच पाजत. किती तंबाखू आणि किती पाणी, असे मी विचारले. त्याने मूठ उघडून दाखवली आणि पुन्हा मिटली. आणि त्या पाण्याने जुन्या साहेबांच्या किती मेल्या, हे विचारल्यावर तो म्हणाला, "ज्या मेल्या त्या खाल्ल्या, कारकूनसाहेब. मोजणार कोण?"

मला मोजणे भाग होते. साहेबांना पत्र पाठवावे तर जायला महिना आणि उत्तर यायला महिना, तोवर दोघेही मोकळे, कोंबड्या आणि मी. औषध दिले नाही तर जंतांनी मरणार, आणि चुकीचे दिले तर औषधाने. बदली तहकूब होती, रद्द नव्हती. साहेब परत येऊन रिकामे खुराडे बघतील तेव्हा कागद पुढे सरकवायला त्यांना एक सहीही नव्याने करावी लागणार नव्हती. मी अप्पांना रोज सकाळी उचलत होतो आणि त्या दिवसांत त्यांचे वजन मला जास्त वाटू लागले होते. ते काही वाढले नव्हते.

सरकारी दवाखान्यातला कंपौंडर ओळखीचा होता. त्याच्याकडे जंतांवरची विलायती पांढरी पूड होती, लहान मुलांना देतात ती. द्यायला तो तयार होता, पण पुस्तकात रोग्याचे नाव लिहिल्याशिवाय कपाटातून काही बाहेर काढता येत नव्हते. त्याने लेखणी शाईत बुडवली आणि वडिलांचे नाव घालू का म्हणून विचारले. मी नको म्हटले. मग मुलीचे? तेही नको म्हटले. तो थोडा चिडला. कोंबडी असे लिहिले तर माझी नोकरी जाईल, आणि तुम्ही तर खोटेही लिहू देत नाही, मग आलात कशाला, असे त्याने मला विचारले. त्याचे चुकत नव्हते. मी रिकाम्या हाताने परतलो.

राहिले कल्याणचे वैद्य. अप्पांना त्यांचेच औषध चालू होते, म्हणून महिन्यातून एकदा मला गाडीने कल्याणास जावे लागे. वैद्य वृद्ध, ब्राह्मण, सोवळे कडक. त्यांच्या ओसरीवर बसून कोंबडीचे नाव कसे काढावे हे मला वाटेत ठरवता आले नव्हते. अप्पांच्या पुड्या घेऊन झाल्या आणि मी जंतांचा विषय काढला. जंत कोणाला, हे मी सांगितले नाही. त्यांनीही नेहमीप्रमाणे आधी लक्षणे विचारली. खाणे पुष्कळ, अंग वाळते, शौचास पातळ. मान हलवीत त्यांनी विचारले, "वय?"

"दीड वर्ष."

"वजन अंदाजे?"

ते मी तराजूवर घालून पाहिलेले होते, त्यामुळे तोंडून खरेच गेले. "साडेपाच रत्तल."

वैद्यांनी वर पाहिले. "दीड वर्षाचं मूल साडेपाच रत्तल? अहो, मग ते इथवर जगलं कसं?"

मग मला सांगावे लागले. त्यांनी पुड्यांचे कागद गोळा केले. मी उठायच्या तयारीत होतो. शेवटी म्हणाले, "कोंबडीला औषध देऊ नये असं शास्त्रात कुठे नाही. पण कोंबडीला जंत होतात असंही मी कुठे वाचलेलं नाही. मुलांना देतात ते सांगतो. ते हिला मानवेल असं मी म्हणालो नाही, हे लक्षात ठेवा."

त्यांनी पळसपापडी सांगितली. पळसाच्या शेंगेतले चपटे बी, भिजवून साल काढायची, वाळवून पूड करायची. तीन दिवस सकाळी रिकाम्या पोटी, चौथ्या दिवशी एरंडेल. मात्रा जास्त झाली तर पोटात आग आणि ओकाऱ्या. मुलाला किती ते त्यांनी सांगितले, आणि पाखराला किती याचा हिशेब तुम्हीच करा म्हणाले. पुडी मात्र स्वतःच्या हाताने दिली नाही. मी ती कल्याणच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानातून घेतली.

हिशेब मी गाडीतच केला. मुलाचे वजन, कोंबडीचे वजन, त्या प्रमाणात मात्रा. अंक बरोबर होते. पण कोंबडी म्हणजे लहान केलेले मूल नव्हे, हेही मला समजत होते, आणि त्याला माझ्याकडे अंक नव्हता. एकच वाट दिसत होती. आधी ते आपल्या गावठी कोंबडीला देऊन पाहायचे.

संध्याकाळी अप्पांना आत आणण्यापूर्वी मी परसातच हे बोललो. आक्का खुराड्याचे दार लावीत होती. गावठीपैकी जिला जंत आहेत अशी एक पाहिजे, असे मी म्हणालो. जगली तर विलायतींना देऊ.

"आणि मेली तर?" आक्काने विचारले.

मी म्हटले, मग देणार नाही.

"म्हणजे मरायचं आमच्यांनी, आणि शहाणं व्हायचं तू. ह्यांनी त्या गोऱ्या बाईचं काय खाल्लंय? त्यांच्या अंगणात आपण नाही गेलो, त्या आपल्या अंगणात आल्या."

बायको म्हणाली की आक्का, महिन्याभराने कार्तिकी झाली की ह्यांतल्या निम्म्या आपणच कापणार आहोत. आक्काने तिच्याकडे न बघता सांगितले, की कापणे वेगळे. कापतात ती घरासाठी. औषध पाजून मरते का बघत बसायचे, हे तिच्याच्याने होणार नव्हते.

अप्पा ओट्यावरून ऐकत होते. त्यांच्या तोंडाची एक बाजू ओढलेली असल्यामुळे बोलणे सावकाश येई. ते मला म्हणाले, "मोखाड्याला गाडीत गादी घालून ने मला. एका कोंबडीसाठी घरात भांडणं नकोत." त्यांना घाट कसा आहे हे माहीत होते. तरुणपणी ते स्वतः तिथे नोकरीवर राहून ताप घेऊन आले होते. आक्काने खुराड्याची कडी लावली आणि आत गेली. मी अप्पांना उचलले.

सकाळी मी उठलो तेव्हा चुलीजवळ डालग्याखाली एक म्हातारी तांबडी कोंबडी कोंडलेली होती. आक्का भात काढत होती. ती म्हणाली की हिला रात्रीपासून काही घातलेले नाही, आणि बाहेर ठेवली तर कावळ्यांसाठी ठेवलेला घास टिपेल, म्हणून आत आणली. तिने कोंबडी मांडीत धरली, चोच उघडली, आणि मी पूड कणकेच्या गोळीत घालून घशात सारली. तीन दिवस हेच केले. दुसऱ्या दिवशी कोंबडी डोळे मिटून बसली आणि पाणीसुद्धा पिईना. आक्का त्या दिवशी जेवली नाही. एकादशी नव्हती, आणि कारण कुणी विचारले नाही. चौथ्या दिवशी एरंडेल देऊन तिला परसात पसरलेल्या राखेवर डालग्याखाली ठेवले. दुपारी अप्पांना कालवलेला भात भरवीत असताना बायकोने परसातून हाक मारली. राखेवर जंत पडले होते, मेलेले, पुष्कळ. संध्याकाळी तांबडीने दाणे टिपले.

मग पाच विलायती कोंबड्या आणि कोंबडा. मात्रा वजनाप्रमाणे थोडी वाढवायची की तीच ठेवायची, यात माझी एक रात्र गेली. शेवटी तीच ठेवली. जंत कमी पडले तर पुन्हा देता येईल, पण एकदा जास्त दिलेले परत काढून घेता येणार नव्हते. कोंबडा तिसऱ्या दिवशी पाय पसरून पडला. त्या दिवशी कचेरीत मी एकाच कागदाची नक्कल दोनदा केली. घरी आलो तेव्हा तो उभा होता, मान खाली घालून, पण उभा होता.

औषध चालू असताना आणि त्यानंतर पंधरा दिवस पडलेली अंडी मी पुरायला लावली. ती खाण्यासारखी आहेत की नाहीत हे वैद्यांना माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. परसातली वरची माती काढून चुना टाकला आणि बांबूची खाट करून खुराडे जमिनीपासून वर नेले. गावठी पाखरांनाही औषध दिले. कार्तिकी आली. पण त्या वर्षी आमच्या घरात कुणाचाही कोंबडीवर हात चालेना, कारण राखेवरचे ते सर्वांनी पाहिले होते. बरीचशी पाखरे आक्काने ओळखीच्या घरांना पाळायला देऊन टाकली.

साहेब डिसेंबरच्या आठ तारखेस आले. दुसऱ्या दिवशी मी पाखरे टोपलीतून बंगल्यावर नेली. तुरे लाल झाले होते, अंग पूर्वीएवढे भरले नव्हते. मडमबाईंनी मोजल्या आणि पाच बोटे वर केली. मी घडले ते सर्व सांगितले. मेली ती कधी, कशाने, नंतर कोणते औषध, किती दिवस, अंडी पुरली तीही. साहेब एकेक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगत होते. अंड्यांचे ऐकून त्या हसल्या आणि लांबलचक काही बोलल्या.

साहेबांनी त्याचा अर्थ सांगितला. मडमबाई फार खूश आहेत. रजेवरून येऊन पाहावे तर निम्मी पाखरे नाहीशी झालेली असतात, असा त्यांचा अनुभव आहे. आता त्या मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी डोंगरावर जातील, तेव्हा कोंबड्या पुन्हा तुमच्याकडेच येतील. खुराडे मोडू नका.

मी विचारले, "आणि माझी बदली, साहेब?"

"ती तहकूब आहे ना? तशीच राहील. पुढल्या वर्षी पाहू."

मी रद्द हा शब्द उच्चारून पाहिला. साहेब म्हणाले, "रद्द कशाला करायची? तुमचं काम तर चाललं आहे." ते रागाने बोलले नाहीत. मला वाटते त्यांनी ती मेहेरबानी म्हणूनच केली.

घरी आल्यावर अप्पांनी विचारले, काय ठरले. मी म्हणालो, पुढल्या वर्षापर्यंत आहे. त्यांनी विचारले, वर्ष कोणाचे, आपले की कोंबड्यांचे? आक्का पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली की विचारता कशाला, एकच आहे. मग तिने मला सांगितले की पळसाच्या शेंगा फाल्गुनानंतर धरतात, आणून ठेवायच्या असल्या तर तेव्हाच सांग, म्हणजे बाजारचे बी घ्यावे लागणार नाही. मी अप्पांच्या काखेत हात घातला आणि त्यांना आत नेले.

मेलेल्या कोंबडीची किंमत साहेब घेत नव्हते. मी म्हटले की घेतली नाही तर माझ्याकडे एक कोंबडी येणे राहील आणि मार्चमध्ये मोजणी सहापासून सुरू होईल. तेव्हा मडमबाईंनी मान्य केले, पैसे बटलरकडे द्या म्हणाल्या. कोंबडीचे चार रुपये आणि दाण्यातून उरलेला एक रुपया नऊ आणे, एकूण पाच रुपये नऊ आणे, मी ता. १० डिसेंबर रोजी बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बटलरच्या हाती दिले.